हिस्सेदार हजर आहेत का?

सर स्क्रीनकडे पाठ करून बसायचे, एवढं मी शपथेवर सांगू शकते. त्यांच्याबद्दलच्या बाकी कुठल्याही गोष्टीविषयी माझं मन अजून ठरलेलं नाही. ते फार मोठे इंजिनियर होते की नुसते हटवादी म्हातारे, त्यांनी माझं भलं केलं की माझ्या गळ्यात काहीतरी कायमचं अडकवून ठेवलं, हे मला आज विचारलंत तर एक सांगेन आणि उद्या विचारलंत तर दुसरंच.

पाठ करून बसण्याची रीत अशी. टेबलावर हिरवा बोर्ड, त्याला जोडलेला कॅमेरा, बाजूला स्क्रीन. सर बटण दाबायचे आणि लगेच खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघायला लागायचे. बाहेर रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत होती आणि तिच्यावर कोणाची तरी जाळी वाळत पडलेली असायची. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मग विचारायचे, "काय दिसतंय?" चित्र आलं की नाही ते दुसऱ्याने सांगायचं. हा दुसरा कोणीही चालायचा. चहावाला, मीटर बघायला आलेला वीजमंडळाचा माणूस, एकदा तर किल्ल्याची वाट विचारायला जिना चढून आलेलं एक जोडपं. मी न राहवून विचारलं, "सर, तुम्ही स्वतः का नाही बघत?"

"मी बघितलं की मला पाहिजे तेच दिसतं," ते म्हणाले.

त्या जोडप्याने मात्र मन लावून पाहिलं आणि "पिवळं पिवळं दिसतंय" असं सांगितलं. सरांनी त्या पिवळ्यावर अख्खा आठवडा घालवला.

आमचं काम काय ते मला आईला समजावून सांगावं लागलं होतं, तसंच इथेही सांगते. कॅमेरा जे बघतो ते यंत्राच्या मुख्य चिपपर्यंत न्यायचं असतं. मध्ये मोजक्या बारीक तारा असतात आणि त्यांतून माहिती एकामागून एक, भयंकर वेगाने पळते. पळण्याआधी दोन्ही टोकांच्या चिपांना एकमेकींशी सूर जमवावा लागतो. तो जमवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आई तेव्हा कोळंबी सोलत होती. म्हणाली, "म्हंजे तू लग्नं जुळवतेस म्हण की." मी म्हटलं, तसंच समज.

आमच्याकडे तीन कंपन्यांचं काम होतं. ठाण्याची एक मोठी कंपनी कारखान्यांतल्या बाटल्यांवरची लेबलं तपासणारे कॅमेरे करायची. पुण्याची एक मधली कंपनी टोलनाक्यावर गाड्यांचे नंबर वाचायची. आणि रेवसचे नामदेवभाऊ. ह्यांची कंपनी म्हणजे ते स्वतः आणि धक्क्याजवळची एक शेड. मासेमारीच्या मोठ्या बोटींवर मागच्या बाजूला जाळं ओढलं जातं, ते पुढे केबिनमध्ये बोट चालवत उभ्या असलेल्या तांडेलला दिसत नाही. नामदेवभाऊंचा कॅमेरा ते दाखवायचा. दोरात कोणाचा हात अडकला तर तांडेलला लगेच यंत्र थांबवता यावं, एवढ्यासाठी. तिघांची मुख्य चिप एकाच जातीची होती, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर लिहिण्याऐवजी एकच सामायिक लिहायचा, असं ठरलेलं होतं. तो लिहायला आमच्या मालकाने सरांना आणलं. कुठून, ते कोणी नीट सांगत नव्हतं. कोणी म्हणायचं बंगळूर, कोणी म्हणायचं जर्मनी. स्वतः सर विचारल्यावर "इथलाच" म्हणायचे, आणि तेही खरं होतं. त्यांची वाडी आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

सामायिक हा शब्द सरांनी फारच मनावर घेतला होता. आम्हा सगळ्यांना ते हिस्सेदार म्हणायचे. "काय हिस्सेदार, जेवलात का?" पाव आणला तर जेवढी माणसं तेवढे तुकडे, आणि कोणी जागेवर नसेल तर त्याचा तुकडा संध्याकाळपर्यंत बशीखाली झाकलेला. "चालतंय" हा शब्द ऑफिसात उच्चारायची सोय नव्हती. "कोणाचं चालतंय?" असं ते विचारायचे, आणि "तिघांचं" हे उत्तर मिळेपर्यंत तोंड वाकडं.

पण खरी कमाल होती ती विहीर उपसण्याची. सामायिक ड्रायव्हरमधली एक ओळ जरी बदलायची असली तरी सर म्हणायचे, "विहीर उपसायला काढू या." म्हणजे तिन्ही बोर्ड टेबलावर, तिन्हींना वीज, आणि तिन्ही कंपन्यांचा एकेक माणूस समोर. पुण्याचा व्हिडिओवर चालायचा, नामदेवभाऊ जातीने यायचे. बदल एखाद्या स्वल्पविरामाचा असला तरी हेच. एक जरी माणूस कमी असला तर सर घड्याळाकडे बघायचे, पायजमा झटकायचे आणि म्हणायचे, "मग चहा सांगा." चहा होईपर्यंतही माणूस आला नाही की काम बंद. पुन्हा पुढच्या तारखेला. मालक डोक्याला हात लावून बसायचा. जगात असं कोणी ड्रायव्हर लिहीत नसेल. आणि तरीही आमचा ड्रायव्हर तिघांकडे चालत होता, हेही तितकंच खरं. आता ह्याचा अर्थ काय लावायचा?

गोंधळ झाला तो ठाण्याच्या नव्या बोर्डावरून. त्याच्यावरची कॅमेऱ्याची चिप आळशी होती. वीज दिल्यावर तिला डोळे उघडायला जरा वेळ लागायचा, आणि तोवर आमच्या ड्रायव्हरने सूर जमवायला घेतलेलं असायचं. ती गप्पच. उपाय सोपा होता. सामायिक ड्रायव्हरच्या अगदी सुरुवातीला एक ओळ घालायची, की बाबा, पापणी लवेपर्यंत थांब. पण नामदेवभाऊंची चिप नेमकी उलट्या स्वभावाची. जागी झाल्यावर लगेच कोणी हाक मारली नाही तर ती सरळ झोपून जायची. आणि ही ओळ इतक्या पहिल्या क्षणाला लागत होती, की समोर बोर्ड कोणाचा हे ड्रायव्हरला कळलेलंही नसायचं. म्हणजे थांबायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. ठाण्याचे बोर्ड ढिगाने तयार होऊन पडले होते, ते बदलणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी कळवलं, ओळ घाला नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. सरांचं एकच, तारीख लावू, तिघंही हजर झाले की मगच ठरवू. आमच्या ऑफिसचं बहुतेक काम त्यांचंच होतं. ते गेले की मालक कुलूप लावणार, हे त्याने आम्हाला स्वच्छ सांगितलं.

मला ते कुलूप डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मुरुडला आईच्या दोन खोल्या आहेत. समुद्रावर येणाऱ्यांना ती त्या देते आणि रांधून वाढते. तिचा एक गुडघा कामातून गेलाय. बाबांच्या मागे ती एकटी, आणि मुरुड सोडून कुठे म्हणजे कुठे येणार नाही. मी पुण्यात काही वर्षं काढून, तिच्यासाठी परत येऊन, हे काम मिळवलं होतं. रोज एसटीने साळावचा पूल ओलांडून रेवदंड्याला यायचं आणि संध्याकाळी घरी. ह्या किनाऱ्यावर असलं दुसरं काम मला कोण देणार होतं? ऑफिस गेलं तर मी पुन्हा पुण्यात आणि आई पुन्हा एकटी.

म्हणून एका रविवारी मी सरांच्या वाडीत गेले. त्यांना सांगावं, की सर, हट्ट सोडा.

वाडी सुरेख होती. नारळी, पोफळी, मधून पाण्याचा पाट. पाट मात्र कोरडा. पडवीत नारळांचे दोन मोठे ढीग होते, आणि त्यातल्या नारळांना कोंब फुटून हिरवी पानं वर आलेली. "हे असे का?" मी विचारलं. "एक थोरल्याचा वाटा, एक धाकट्याचा," सर म्हणाले. थोरला भाऊ डोंबिवलीला होता, जमेल तेव्हा थोडे न्यायचा. धाकटा कशावरून तरी रागावून गेला होता तो आलाच नव्हता. मागे सामायिक विहीर होती. मी आत डोकावले आणि मागे सरकले. पाणी असं दिसतच नव्हतं, नुसता पाला आणि शेवाळ.

"सर, विहीर उपसत नाही का?"

"दर वैशाखात उपसायची. तिन्ही भावांनी काठावर उभं राहून. वडिलांची रीत आहे."

"मग?"

"धाकटा येत नाही."

"तुम्ही बोलावता?"

"दर वर्षी फोन करतो. तो घेत नाही."

"मग तुम्ही दोघं उपसून घ्या ना. तुम्हाला पाणी नको का?"

"मी शेजारून आणतो," सर म्हणाले, आणि मला शहाळं फोडून दिलं, ते अर्थात त्यांच्या स्वतःच्या वाट्याचं.

मला त्यांचा राग आला. स्वतःची विहीर कुजवणारा माणूस आमचं ऑफिसही कुजवणार, ह्याबद्दल मला शंका उरली नाही. मी सगळं सांगून टाकलं, आई, गुडघा, पुणं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमचंही पाणी ह्यातच आहे. हे मला माहीत नव्हतं. मग त्या दिवशी तुम्हीही उभ्या राहा." मी बरं म्हटलं. हो मिळालं की नाही, तेच मला कळलं नव्हतं. मुरुडला पोचेपर्यंत मी एसटीत त्याच एका वाक्याचा अर्थ लावत होते.

तो दिवस आला. ठाण्याचे साहेब सकाळीच गाडीने हजर. पुण्याचा माणूस व्हिडिओवर, त्यांचा बोर्ड आमच्याकडेच होता. नामदेवभाऊंची रेवसची गाडी चुकलेली. साहेब म्हणाले, आमचं तेवढं करून टाका, मला मीटिंग आहे. सर म्हणाले, "मग चहा सांगा." मालकाचा चेहरा पांढरा पडला. साहेब चडफडत बसून राहिले. चहा दोनदा झाला, आणि मग नामदेवभाऊ जिना चढून आले, घामाघूम, बोर्ड टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला.

"माफ करा सायब, रिक्षा भेटत न्हवती," ते म्हणाले.

सरांनी ओळ घातली, बटण दाबलं आणि खिडकीकडे वळले. त्यांनी नामदेवभाऊंना ठाण्याचा स्क्रीन बघायला सांगितला आणि साहेबांना नामदेवभाऊंचा. "काय दिसतंय?"

"बाटली दिसते. मस्त दिसते," नामदेवभाऊ म्हणाले.

"ह्यांचा काळा आहे," साहेब म्हणाले.

सरांनी ओळ काढली. आता बाटली गेली आणि नामदेवभाऊंच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मालकाचं घाबरलेलं तोंड दिसायला लागलं. पुन्हा घातली, पुन्हा काढली. पुण्याचं दोन्ही वेळा ठीक होतं. सरांनी खिडकीकडे बघतच एकेकाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" पुणं म्हणालं, आमचं काही नाही. साहेब म्हणाले, आमचं चालू ठेवा, ह्यांचं नंतर बघू. मग सर माझं नाव घेऊन म्हणाले, "आणि तुमचं?"

मला वाटलं होतं, त्या दिवशी नुसतं उभं राहायचंय. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला घरी राहायचंय. हे काम गेलं तर ऑफिस बंद होईल आणि मला पुण्याला जावं लागेल. आई मुरुडला एकटी आहे." साहेबांनी फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली.

शेवटी नामदेवभाऊंची पाळी. त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं. मला खात्री होती, आता सर त्यांची बाजू घेऊन भांडणार. इतक्या दिवसांचा हट्ट ह्यासाठीच तर होता.

"बायची आय एकली हाय म्हनते," नामदेवभाऊ म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. घाला ती ओळ. माझं काय, बोटवाल्यांना सांगन, जरा थांबा म्हनून."

"नक्की?"

"व्हय."

"सगळे हजर होते, सगळ्यांनी सांगितलं," सर म्हणाले. त्यांनी खुर्ची फिरवली, स्क्रीनकडे तोंड केलं आणि ओळ घातली. एक शब्द जास्त नाही. मग नामदेवभाऊंचा बोर्ड त्याच टॉवेलात गुंडाळला, त्यांच्या हाताला धरलं आणि दोघं जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. मालकाला फोन केला, की मी आता रेवसला काम करतो.

ऑफिस वाचलं, मी घरी राहिले, आणि मला काही कळेनासं झालं. सर नामदेवभाऊंसाठी लढत होते असं मी समजत होते. ते तर त्यांच्यासाठी एक शब्दही बोलले नाहीत. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी त्या शेडमध्ये बसून नामदेवभाऊंचा बोर्ड सुधारलाही. कॅमेऱ्याला वीज जराशी उशिरा द्यायची, म्हणजे ती चिप उशिराच जागी होते. मूठभर बोर्ड होते, हाताने बदलता आले. बोटींवर कॅमेरे पुन्हा लागले. मी विचारलं, "सर, हे तुम्हाला आधीच माहीत होतं ना? मग सगळ्यांना कशाला बसवलंत?"

"विचारायला नको होतं का?" ते म्हणाले.

त्यानंतर ड्रायव्हर माझ्याकडे आला. सर विहीर उपसायच्या दिवशी नामदेवभाऊंबरोबर येऊन बसायचे, आता टेबलाच्या पलीकडे, पाठ करून. पुढे ठाण्याची कंपनी दुसरीकडे गेलीच. तोवर आम्हाला आणखी कामं मिळाली होती, त्यामुळे कुलूप काही लागलं नाही. ती थांबायची ओळ आता कोणाच्याच उपयोगाची नव्हती; नामदेवभाऊंचे मूठभर बोर्ड पुन्हा पहिल्यासारखे करून घेता आले असते. मला वाटलं, सरांना आनंद होईल. मी सगळ्यांना बोलावून म्हटलं, ओळ काढू या.

"ठाण्याचे कुठायत?" सरांनी विचारलं.

"ते सोडून गेले, सर."

"सोडून गेले, की आले नाहीत?"

"दोन्हींत काय फरक आहे?"

सरांनी पायजमा झटकला. "मग चहा सांगा."

मी त्या दिवशी संतापले होते. घरी येऊन आईजवळ बडबडले, की हा माणूस वेडा आहे. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "केवडं थांबतं तुझं यंत्र?" मी म्हटलं, पापणी लवेपर्यंत. "मंग एवडी कशाला चिडतेस?"

गेल्या फाल्गुनात सर गेले. फार आजारी वगैरे नव्हते. नामदेवभाऊंचा फोन आला तेव्हा मी आईच्या पाहुण्यांना वाढत होते, हातात पळी तशीच राहिली. दिवसकार्याला मी आणि नामदेवभाऊ वाडीत गेलो. थोरला भाऊ होता. आणि त्याच्या शेजारी एक टक्कल पडलेला माणूस मान खाली घालून उभा होता. धाकटा आला होता.

मागून पंपाचा आवाज येत होता. मी जाऊन पाहिलं. दोघा भावांनी माणसं लावली होती, काठावर पाल्याचा आणि काळ्या गाळाचा ढीग पडला होता, आणि खाली झऱ्याचं स्वच्छ पाणी वर येत होतं. एवढी माणसं जेवायची, पाणी हवंच होतं. सगळे म्हणत होते, बरं झालं, एकदाची उपसली. मला मात्र ओरडून सांगावंसं वाटत होतं की थांबा, एक हिस्सेदार यायचा राहिलाय. मी नामदेवभाऊंकडे पाहिलं. तेही पाण्याकडे बघत होते आणि तोंडात टॉवेल धरून रडत होते. मला रडावं की हसावं ते कळेना.

परवा आमच्या बैठकीत मालकाने विषय काढला. आता सरही नाहीत, ती ओळ काढून टाक, नवीन गिऱ्हाईकं विचारतात हे सुरुवातीलाच कशासाठी थांबतं. त्याचं बरोबर होतं. काढली तर कोणाचंही काही बिघडणार नव्हतं. पण ती ओळ घातली म्हणून मी आज मुरुडला आईजवळ आहे, आणि ती घालता यावी म्हणून एका माणसाने आपला स्क्रीन काळा करून घेतला होता. तो माणूस समोरच बसला होता, मांडीवर टॉवेल घेऊन. ऑफिसातली नवीन मुलं बटणावर बोट ठेवल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

"नामदेवभाऊ, तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"बाय सांगल ते."

मी टेबलाभोवतीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. "ठाण्याचे अजून आले नाहीत," मी म्हटलं.

मालकाने डोक्याला हात लावला. नवीन मुलं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्याबद्दल ती घरी जाऊन काय सांगणार ते मला दिसत होतं.

नामदेवभाऊंनी टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला.

"मंग च्या सांगा," ते म्हणाले.